जीनची गोधडी : एका षष्ठीचा विचार

गोधडीविषयी मराठीत जे लिहिले जाते त्याचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील लेखनात आजी असते, तिच्या लुगड्याचा वास असतो, आणि गेलेल्या दिवसांविषयीची हुरहूर असते. दुसऱ्या वर्गातील लेखन अलीकडचे आहे. त्यास गोधडीत टाकाऊ वस्तूचा सदुपयोग दिसतो, पर्यावरणाची राखण दिसते आणि क्वचित् ग्रामीण स्त्रियांना मिळणारा रोजगारही दिसतो. दोन्ही वर्गांतील लेखकांचा हेतू प्रामाणिक आहे ह्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि गोधडी ही शिवलेली वस्तू आहे, आणि म्हणून ती कशी शिवली आहे ह्या प्रश्नापासून तिच्या परीक्षणास आरंभ व्हावयास हवा, ही साधी गोष्ट दोहोंकडूनही निसटते. जुन्या जीनच्या विजारींपासून गोधड्या होऊ लागल्यापासून तर ही उपेक्षा चालण्यासारखी राहिलेली नाही. कापड बदलले म्हणजे टाका बदलतो. टाका बदलला म्हणजे वस्तूची घडण बदलते. आणि घडण बदलूनही नाव तेच राहिले, तर त्या नावाखाली नेमके काय टिकले आहे हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाचेही काम ठरते.

ह्या विवेचनासाठी निरवांगी हे गाव समोर ठेवले आहे. इंदापूर तालुक्याच्या दक्षिण अंगास, नीरेच्या काठच्या पट्ट्यात हे गाव आहे. नदीपलीकडे सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका लागतो. पर्जन्यछायेचा हा मुलूख. नीरेच्या डाव्या कालव्याचे शेपूट इंदापूर तालुक्यात येते, आणि त्या पाण्याच्या आधाराने एकीकडे ऊस, दुसरीकडे जिरायत व मेंढरे अशी संमिश्र वहिवाट येथे चालत आली आहे. थंडीतील पांघरुणाचे दोन जुने प्रकार अशा गावांत शेजारी शेजारी नांदले. एक घोंगडे, दुसरी गोधडी. घोंगडे विणले जाते, ते लोकरीचे असते आणि ते विकत घ्यावे लागते. गोधडी शिवली जाते, ती सुताची असते आणि ती घरच्याच कपड्यांची होते. घोंगड्याला सनगराचा माग लागतो, तर गोधडीला घरातील जीर्ण वस्त्रे, सुई आणि दुपारचा वेळ एवढे पुरते. ऊसतोडीच्या हंगामात परजिल्ह्यांतून येणाऱ्या टोळ्यांच्या बैलगाड्यांवर आणि ट्रॅक्टरांवर वळकट्या दिसतात त्याही बहुतांशी गोधड्यांच्याच. निरवांगीला ह्या बाबतीत काही अनन्यसाधारण स्थान आहे असा दावा येथे नाही. उलट, बारामती-इंदापूरच्या कोणत्याही गावी जे घडले तेच तेथे घडले असणार, म्हणूनच ते उदाहरण उपयोगी आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) गोधडी आणि वाकळ हे दोन्ही शब्द आहेत. वाकळ हा शब्द वल्कल, प्राकृत वक्कल, ह्या वाटेने आला असे सामान्यतः मानतात. झाडाच्या सालीचे वस्त्र दर्शविणारा शब्द चिंध्यांच्या पांघरुणावर येऊन स्थिरावला, हा अर्थसंक्रमणाचा प्रवास लक्षणीय आहे. सातारा-कोल्हापूरकडे वाकळ अधिक रूढ, पुण्याकडे गोधडी. गोधडीचे नाते हिंदी गुदड़ी आणि गुजराती गोदडी ह्यांच्याशी उघड आहे. मराठीतील महाप्राण धकार मात्र विचार करावयास लावतो. धडपा, धडुते ह्या जुन्या वस्त्रवाचक शब्दांच्या सान्निध्याने मूळच्या दकाराचा धकार झाला असावा, असा तर्क करता येतो. तो तर्कच समजावा. भीमेपलीकडे कर्जत येथील ग्रामदैवत गोदड महाराज ह्यांच्या नावात अल्पप्राण दकार टिकून आहे, ही गोष्ट त्यास काहीशी पोषक आहे. संस्कृतातील कन्था हा शब्द अर्थाने गोधडीस जवळचा; भर्तृहरीच्या वैराग्यशतकात ती विरक्ताचे वस्त्र म्हणून येते. पाणिनीच्या सूत्रांत भेटणारी कन्था मात्र ग्रामनामांतील आहे, आणि तिचा ह्या चिंध्यांशी संबंध जोडण्याचा मोह टाळावा हे बरे. जाता जाता आणखी एक गंमत : गीता खंडेलवाल ह्यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ केला आहे, ही गोष्ट स्वागतार्ह, पण तेथे रोमन लिपीत डकार रकाराने लिहिला असल्यामुळे परक्या वाचकाच्या तोंडी त्या शीर्षकातील गोधडीची ‘गोधरी’ होते.

परंतु गोधडीचा खरा शब्दसंसार तिच्या नावापेक्षा लुगड्याच्या आयुष्यक्रमात सापडतो. नव्या लुगड्याची घडी मोडते तेथून हा क्रम सुरू होतो. नेसून नेसून लुगडे मधोमध विरले की ते टाकून देत नसत. विरलेला भाग कापून काढीत, उरलेले दोन धड भाग जोडीत, आणि ह्या जोडाला ‘दंड घालणे’ म्हणत. दंड घातलेले लुगडे नेसणे हे गरिबीचे लक्षण खरे, पण त्यात लाज नव्हती. दंडही तग धरीनासा झाला म्हणजे लुगड्याचा धडपा होई, आणि तो घरातील पोरीबाळींच्या अंगावर जाई. त्यानंतर गोधडी. आणि गोधडीही फाटली की तिच्यातून निघालेल्या पदरांचे फडके, बाळोते, चूल-दिव्याचा बोळा, आणि सर्वांत शेवटी शेणाने सारवावयाचे पोतेरे. एका वस्त्राच्या प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र नाव असणे, आणि प्रत्येक नावाबरोबर ते कोणी वापरावयाचे हेही ठरून गेलेले असणे, ही व्यवस्था केवळ काटकसरीने निर्माण होत नाही. वस्तूच्या उतरत्या मूल्याचे असे बारीक मोजमाप ज्या भाषेने केले तिच्या बोलणाऱ्यांना कापूस किती मोलाचा होता, हे त्यावरून कळते. गोधडी ही ह्या साखळीतील शेवटून तिसरी-चौथी कडी होय. तिला आरंभ समजून जे लिहितात ते तिच्या मागील अर्धा प्रवास गमावतात.

जीनच्या विजारीला असा आयुष्यक्रम नाही. ती नवी असते, मग जुनी असते. गुडघ्यावर फाटली तरी ती नेसूची वस्तू राहते, किंबहुना अलीकडे फाटकीच विकत मिळते. ती जुनी झाल्यावर बोहारणीकडे जाते आणि तिच्या मोबदल्यात स्टीलचे भांडे येते, किंवा कोणाला तरी दिली जाते. लुसी नॉरिस ह्यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात, मुख्यतः दिल्लीच्या आधाराने, भारतातील जुन्या कपड्यांच्या ह्या व्यापाराचा अभ्यास केला आहे. तो वाचताना वस्त्र घरातून बाहेर पडते त्या क्षणी त्याचे नाते कसे पुसले जाते हे ध्यानात येते. बाजारात ते ‘माल’ होते. तेव्हा जी विजार गोधडीत आली ती बोहारणीला न दिलेली, म्हणजे राखून ठेवलेली किंवा कोणीच न घेतलेली, असे धरून चालावे लागते. ह्या दोन कारणांत पुष्कळ अंतर आहे आणि गोधडी पाहून ते सांगता येत नाही.

आता घडणीकडे वळू. लुगडे हे अनशिवे वस्त्र. नऊ वार लांब, अखंड, दोन्ही कडांस काठ आणि एका टोकास पदर. सहा फूट रुंद व सात फूट लांब गोधडी धरली तर एका लुगड्यातून तिचे दोन थर सहज निघतात. म्हणून जुन्या गोधडीची मूळ रचना थरांची आहे, तुकड्यांची नव्हे. वर लुगडे, खाली लुगडे किंवा धोतर, आणि मध्ये जे निरुपयोगी असेल ते : फाटके सदरे, पटक्याचे तुकडे, चिंध्या. ठिगळे वर दिसतात ती बहुधा नंतरची, दुरुस्तीची. हे सर्व थर सुई एकत्र आणते. साधा धावदोरा, कडेकडेने सुरू होऊन आत वळत जाणारा, किंवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समांतर जाणारा. दोन ओळींत बोटभर, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटर, अंतर धरले तर एवढ्या गोधडीत नव्वदांहून अधिक ओळी बसतात. टाका एक सेंटिमीटरचा मानला तर एकंदर टाक्यांची संख्या एकोणीस हजारांच्या घरात जाते. ही संख्या अनुमानाची आहे, परंतु ‘ऊब’ ह्या एका शब्दाखाली किती श्रम दडपले जातात ते दाखविण्यास ती पुरेशी आहे.

जीनचे कापड ह्या रचनेस तीन ठिकाणी विरोध करते. पहिला विरोध वजनाचा. नेहमीच्या विजारीचे डेनिम दर चौरस मीटरला चारशे ते पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरते. लुगड्याचे सुती कापड त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याचे. वर सांगितलेल्या मापाच्या गोधडीचा केवळ एक थर जीनचा घातला तरी पावणेदोन किलो होतो. दुसरा विरोध विणीचा. डेनिमची वीण तिरपी असते. ताण्याचे निळे सूत तीन बाण्यांवरून जाऊन एका बाण्याखाली शिरते, म्हणून वरची बाजू निळी व आतली फिकट. ही घट्ट वीण दोन थरांत सुईला अवघड आणि शिवणीवर, जेथे कापड मुडपून चार पदरी झालेले असते तेथे, जवळजवळ अशक्य होते. सुई वाकते, मग दाभण घ्यावे लागते, दाभणाबरोबर दोरा जाड येतो आणि टाका लांबतो. धावदोऱ्याची बारीक ओळ तेथे संपते. पुष्कळदा ओळच सोडून जागोजागी गाठी मारल्या जातात, किंवा काम शिलाई यंत्राकडे जाते.

तिसरा विरोध मात्र तत्त्वाचा आहे, आणि टीकेने त्याचीच दखल प्रथम घ्यावयास हवी होती. जीन हे शिवलेले वस्त्र आहे. ते एका विशिष्ट देहाच्या मापाने कापलेले असते. त्याला आसन असते, मांडीचा घेर असतो, खिसे असतात, कमरेची पट्टी असते, तांब्यापितळेची बटणे आणि खिळे असतात. ह्या खिळ्यांचा इतिहास प्रसिद्ध आहे : जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्राउस ह्यांना त्यांचे एकस्व २० मे १८७३ रोजी मिळाले, आणि खिसे फाटू नयेत हाच त्यामागील हेतू होता. म्हणजे फाटू नये म्हणून जे योजिले तेच गोधडी शिवणारीच्या वाटेत प्रथम आडवे येते. लुगड्याच्या गोधडीत शिवणे ही पहिली क्रिया होती. जीनच्या गोधडीत पहिली क्रिया उसवणे ही आहे. शिंप्याने केलेले काम मोडल्यावाचून तिला आपले काम सुरूच करता येत नाही. आसनाची वक्र रेषा सपाट होत नाही. ती कापून टाकावी लागते. पाय सरळ उभे फाडले की निमुळत्या पट्ट्या मिळतात, त्या उलटसुलट जोडाव्या लागतात. थरांच्या जागी तुकडे आले; जुन्या गोधडीची रचना एखाद्या दीर्घ वाक्यासारखी होती, नवीची रचना जोडशब्दांची झाली.

ह्या बदलाकडे ऱ्हास म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही, पण त्यांचा कालक्रम चुकतो. लुगड्याच्या गोधडीला जीनने हटविलेले नाही. ते काम त्याच्या कितीतरी आधी कृत्रिम धाग्याच्या पाचवारी साडीने केले. नायलॉन आणि टेरिकॉट खेड्यांत पोहोचले तसतशी नऊवारी सुती लुगडी वृद्ध स्त्रियांपुरती उरली. कृत्रिम धाग्याची साडी विरत नाही, दंड घालण्याची पाळी तिच्यावर येत नाही, आणि गोधडीत घातली तर ती घसरते, घाम शोषीत नाही, ठिणगी पडली तर वितळून चिकटते. मध्यंतरीच्या काळातील गोधड्या ज्यांनी अंगावर घेतल्या आहेत त्यांस हे सांगावयास नको. सुताची साखळी तेथे तुटली. अरविंद मिलने अहमदाबादेस डेनिमचे उत्पादन १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केले, आणि १९९५ साली ‘रफ अँड टफ’ ह्या नावाने कापड, बटणे, साखळी असे सर्व साहित्य एका पुडक्यात घालून गावच्या शिंप्याकडून शिवून घेण्याची जीन बाजारात आणली. लहान गावांतील तरुणांना जीन परवडू लागली ती अशा मार्गांनी. ह्याचा एक अनपेक्षित परिणाम असा की, ज्या घरात स्त्रियांच्या अंगावरून सूत गेले होते त्या घरात मुलाच्या विजारीतून जाड सूत परत आले. धोतर-टोपी वापरणारा म्हातारा सोडला तर घरातील जड सुती वस्त्र म्हणजे जीनच, अशी स्थिती काही काळ होती. आजची ताणली जाणारी जीन पुन्हा मिश्र धाग्याची आहे, हे खरे. त्यामुळे ही सुताची परतफेडही तात्पुरतीच ठरण्याचा संभव आहे.

कापडाच्या नावांच्या प्रवासातही अशीच एक परतफेड आहे. डेनिम हे नाव फ्रान्समधील नीम ह्या शहरावरून, तर जीन हे जिनोआच्या फ्रेंच नावावरून आले. पण ह्याच कुळातील इंग्रजी ‘डंगरी’ हा शब्द मुंबईच्या डोंगरीचा आहे. तेथे विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड खलाशांच्या आणि मजुरांच्या अंगावर जगभर गेले, आणि पुढे तो शब्द निळ्या कामकरी विजारीस लागला. यूल व बर्नेल ह्यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात (१८८६) त्याची नोंद आहे. मराठी मुलखाने दिलेले नाव मराठी मुलखात मात्र टिकले नाही. येथे जीन आली ती आपल्या परक्या नावाने, आणि घोड्याचे खोगीर व कापसातील सरकी काढण्याचा कारखाना ह्या अर्थांचे दोन ‘जीन’ शब्द भाषेत आधीच बसलेले असूनही तिला जागा मिळण्यास अडचण पडली नाही.

आता ज्या षष्ठीचा उल्लेख शीर्षकात आहे तिच्याकडे येऊ. ‘आजीच्या लुगड्याची गोधडी’ ह्या पदसमूहात दोन षष्ठी आहेत. ‘लुगड्याची’ ही द्रव्य सांगते : गोधडी कशाची. ‘आजीच्या’ ही स्वामित्व सांगते, आणि ते गोधडीचे स्वामित्व नसून लुगड्याचे आहे. मराठीतील चा-ची-चे हा प्रत्यय विशेषणासारखा पुढील नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो, म्हणून त्याला विभक्तीत गणावे की नाही हा वैयाकरणांचा जुना वाद आहे. परंतु येथे त्या प्रत्ययाची ताकद अशी दिसते की, त्याने एका वस्तूच्या पोटात एक व्यक्ती बसविली आहे. पहिली षष्ठी गाळून ‘लुगड्याची गोधडी’ म्हटले तर वस्तू उरते, नाते जाते. बाजारात जी ‘जीनची गोधडी’, किंवा नुसतेच ‘डेनिम क्विल्ट’, म्हणून विकली जाते तिच्यात ही पहिली षष्ठी नाही. ती कोणाच्या जीनची, हा प्रश्नच तेथे असंबद्ध ठरतो. कारखान्यातील कापून उरलेले नवे तुकडे, मध्ये कृत्रिम कापसाची गादी, यंत्राची शिलाई, सारख्या मापाचे चौकोन : ही वस्तू देखणी असू शकेल, टिकाऊ असेल, पण तिला दुलई म्हणावे. तिची तुलना गोधडीशी करून तिला उणे ठरविणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि तिला गोधडी म्हणून गौरविणे हा गोधडीवर.

घरात शिवलेल्या जीनच्या गोधडीची गोष्ट निराळी. तेथे ती ‘पोराच्या जीनची’ असते, म्हणजे दुहेरी षष्ठी टिकून आहे. मात्र तिची दिशा फिरली आहे. पूर्वी नातवंड आजीच्या लुगड्याखाली निजत असे; वस्त्र वरच्या पिढीकडून खालच्या पिढीकडे उतरत असे, आणि दंड, धडपा, बाळोते ही सारी नावे त्या उताराच्या पायऱ्या होत. आता पुण्यास किंवा बारामतीस शिकावयास अथवा नोकरीस गेलेल्या मुलामुलीची विजार मागे राहते आणि तिच्या गोधडीखाली आजी निजते. वस्त्र खालच्या पिढीकडून वर चढले. स्मरणरंजनपर लेखनाला ही गोधडी दिसत नाही ह्याचे कारण हेच असावे : त्या लेखनातील नातू हा पांघरणारा आहे, आणि येथे तो पांघरला गेला आहे. लुगड्याच्या गोधडीत जी व्यक्ती बसविली होती ती बहुधा गेलेली असे. जीनच्या गोधडीतील व्यक्ती जिवंत आहे, फक्त घरी नाही.

हा अर्थ रचनेतूनही वाचता येतो, आणि येथे ह्या नव्या प्रकाराची एक खरी दृश्य संपत्ती मान्य केली पाहिजे. डेनिममधील नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत जात नाही. ती बाहेरच्या कडेवर बसते आणि घर्षणाने निघून जाते, म्हणून जीन जेथे जेथे झिजते तेथे तेथे पांढरी पडते. गुडघा, मांडीचा पुढचा भाग, बसण्याची जागा. नेहमी पाकीट ठेवावयाच्या खिशावर त्याची चौकट उमटते. आणि खिसा उसवून काढला म्हणजे त्याच्याखाली, ऊन व धुणे न लागलेला, मूळचा गडद निळा आकार निघतो. फिक्या पट्टीवरील हा गडद पंचकोन कोणी योजलेला नसतो. लुगड्याच्या गोधडीतील काठांची चौकट ही शिवणारीची निवड होती. जीनच्या गोधडीतील ही आकृती नेसणाऱ्याच्या देहाने आणि दिनक्रमाने काढलेली आहे. चांगली शिवणारी ती कापून टाकीत नाही, तिला मध्यावर आणते. जपानातील शेतकरी-कोळ्यांच्या निळ्या ‘बोरो’ गोधड्यांतही नीळ अशीच वयाची खूण होऊन येते. पण तेथे धावदोरा कायम आहे, कारण कापड पातळ आहे.

ह्या विषयाला जगात एक मोठे उदाहरण आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज् बेंड नावाच्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील स्त्रिया शेतातील कामाच्या फाटक्या डेनिम विजारींपासून गोधड्या शिवीत आल्या. त्यांतील एक १९४२ साली मिसूरी पेटवे ह्यांनी मृत पतीच्या कामाच्या कपड्यांपासून शिवलेली आहे. दुहेरी षष्ठीचे ह्याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. १९६६ साली त्या भागातील स्त्रियांची सहकारी संस्था निघाली. २००२ साली ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात त्या गोधड्या भिंतीवर टांगल्या गेल्या आणि समीक्षकांनी त्यांत आधुनिक अमूर्त चित्रकलेचे गुण पाहिले. गौरव झाला, किमती वाढल्या. २००७ साली त्यांतील काही स्त्रियांनी हक्क आणि मोबदला ह्यांवरून न्यायालयात दावे लावले, ते पुढच्या वर्षी मिटले. ह्या प्रकरणातील न्यायान्याय ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, भिंतीवर चढलेल्या गोधडीविषयी बोलण्याची भाषा चित्रसमीक्षेची होती; शिवणाऱ्या स्त्रियांची स्वतःची भाषा त्या परीक्षणात क्वचितच प्रमाण मानली गेली.

निरवांगीच्या परिसरात गोधडीची परीक्षा भिंतीवर होत नाही. ती वर्षातून एकदा पाण्यावर होते. नवरात्रापूर्वी घरोघर ‘दसरा काढतात’. घरातील सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर, ओढ्यावर किंवा कालव्यावर नेऊन धुतली जातात. कापूस आपल्या वजनाहून अधिक पाणी सहज धरतो. लुगड्याची गोधडी भिजली तरी दोघींनी पिळून दगडावर टाकता येते. जीनची गोधडी, आत जुनी लुगडी व वर जीन अशी असेल तर, ओली झाल्यावर एकटीला उचलत नाही, धोपटताना मनगट भरून येते आणि उन्हातही शिवणींच्या जाडीत ओल राहते. शिवणी ओल्या राहिल्या की वास धरतात. पर्यावरणाच्या नावाने जीनच्या गोधडीची प्रशंसा करणाऱ्या लेखनात हे धुणे कोठेच येत नाही. टाकाऊ विजारीचा भार कचऱ्यातून कमी होऊन कोणाच्या हातांवर आला, हे विचारावयाचे राहून जाते. ह्यावर घरोघर जो तोड काढला जातो तो कोणत्याही समीक्षेपेक्षा शहाणपणाचा आहे : जीन खालच्या बाजूस, अंथरावयाच्या गोधडीत घालावी, आणि पांघरावयाची गोधडी, जोवर मिळेल तोवर, मऊ कापडाचीच ठेवावी. अंथरूण आणि पांघरूण हा भेद जुन्या गोधडीत पुसट होता. जीनने तो ठळक केला.

राहता राहिला शब्दसंग्रहाचा प्रश्न. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्यांच्या प्रयत्नाने एक लाखाहून अधिक संख्येने नोंदल्या गेल्या. जाते थांबले तरी त्याचे शब्द राहिले. सुईच्या कामाला असा संग्राहक लाभलेला नाही, कदाचित् ते काम गाण्यापेक्षा बोलत बोलत होत असल्यामुळे. टाक्याच्या लांबीला, ओळीच्या वळणाला, कोपरा मुडपण्याच्या रीतीला, उसवलेल्या दोऱ्याला, आतल्या भरावाच्या प्रतीला गावोगाव काय म्हणतात, ह्याची तालुकावार यादी पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यास एका दिवाळीच्या सुटीत करता येण्याजोगी आहे. नीरेच्या दोन्ही काठांवरील दोन-दोन गावे घेतली तर गोधडी-वाकळ ह्या शब्दसीमेचाही अंदाज येईल. यादी करताना प्रश्न वस्तू समोर ठेवून विचारावेत, आणि जीनची गोधडी वगळू नये. उलट तिच्यापासून आरंभ करावा, कारण नव्या अडचणीलाच नवे शब्द सुचतात. आसनाच्या वाकड्या तुकड्याला, दाभणाने मारलेल्या गाठीला, खिशाखालच्या गडद डागाला नावे पडली आहेत की नाहीत, आणि पडली असल्यास ती शिंप्याकडून आली की लुगड्याच्या जुन्या भांडारातून, हे पाहावे. खिसा न उसवता तसाच ठेवलेली गोधडी आढळली तर त्या खिशात काय ठेवतात तेही टिपून घ्यावे.